बंदूक कुणाच्या हातात

भारतीय सैन्याचा जन्म कधी झाला, या प्रश्नाची निदान चार उत्तरं मिळतात आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. १७४८ मध्ये मेजर स्ट्रिंजर लॉरेन्सने मद्रास इलाख्यात कंपनीच्या विस्कळीत पहारेकऱ्यांना कवायत शिकवायला घेतली, हे एक. १ एप्रिल १८९५ ला बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांच्या वेगवेगळ्या फौजा मोडून एकच ‘इंडियन आर्मी’ झाली, हे दुसरं. १५ ऑगस्ट १९४७ हे तिसरं. चौथ्या उत्तराची परेड दरवर्षी १५ जानेवारीला होते. १९४९ साली त्या दिवशी जनरल करिअप्पांनी सर रॉय बूचर यांच्याकडून सूत्रं घेतली आणि या फौजेला पहिला भारतीय सरसेनापती मिळाला.

लष्कराचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे लढायांची जंत्री सुरू होते. तशी पुस्तकं भरपूर आहेत, वाचायला रोमहर्षकही असतात. पण या फौजेचा खरा स्वभाव मला रणांगणापेक्षा भरतीच्या रजिस्टरांत दिसतो. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, कुणाला घेऊन पुन्हा बाहेर काढायचं, हे ठरवणारे कागद एकापुढे एक लावले, तर पावणेतीनशे वर्षांचा देश त्यांतून वाचता येतो. आणि त्या कागदांवर महाराष्ट्राचं नाव वारंवार येतं.

१७६८ मध्ये मुंबई बेटावरच्या कंपनीच्या वखारी राखायला एक पलटण उभी राहिली. आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची ती पहिली पलटण. फौजेत तिला अजूनही ‘जंगी पलटण’ म्हणतात. मुंबईच्या फौजेत भरती करताना कंपनीने जातीचा फारसा विचार केला नाही. उदारपणा वगैरे काही नव्हता, माणसं हवी होती आणि स्वस्तात हवी होती. कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, उत्तरेतून आलेले परदेशी आणि अलिबागेकडचे बेने इस्रायली ज्यू, असे सगळे एकाच रांगेत उभे राहत. बंगालच्या फौजेचं तसं नव्हतं. तिथे अवधचे ब्राह्मण आणि राजपूत, त्यांचे सोवळ्याचे नियम आणि ते नियम सांभाळणारे गोरे अधिकारी, असा थाट होता.

या सरमिसळीचा दगडात कोरलेला पुरावा पुणे-नगर रस्त्यावर, भीमेकाठी उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा तो स्तंभ. दरवर्षी त्या तारखेला तिथे लाखोंची गर्दी होते, पण एरवी गेलं तर नावं निवांत वाचता येतात. कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ शिपायांपैकी २२ जणांच्या नावाला शेवटी ‘नाक’ लागलेलं आहे, म्हणजे ते महार. उरलेल्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत. समोर पेशव्यांच्या बाजूने चढाई करणाऱ्यांत अरब आणि गोसावी मोठ्या संख्येने होते. ही लढाई ‘आपण विरुद्ध ते’ अशा साच्यात बसवायचा प्रयत्न आज दोन्हीकडून होतो, पण त्या यादीतली नावं कुठल्याच साच्यात बसत नाहीत. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले, त्यामागचं कारण मात्र थेट भरतीच्या रजिस्टरांशी जोडलेलं होतं. त्याकडे येतोच.

१८५७ मध्ये बंगालची फौज उठली. मुंबईची बहुतांशी जागच्या जागी राहिली. कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केलं, एवढा मोठा अपवाद. बंड मोडल्यावर लंडनमध्ये पील यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि हिंदी शिपायाच्या हाती बंदूक द्यायचीच असेल तर कशी द्यायची, याचे नियम ठरले. बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मद्रास-मुंबईत तिघांमागे एक. डोंगरी तोफा वगळता तोफखाना गोऱ्यांच्याच ताब्यात. आणि एका जातीच्या बंडाला दुसरी जात धावून जाणार नाही, अशी माणसांची मांडणी.

ही मांडणी पुढच्या तीस वर्षांत एका सिद्धान्ताला जाऊन पोहोचली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होता. त्याची बरीचशी कारकीर्द बंगालच्या फौजेत आणि वायव्य सरहद्दीवर गेलेली. मद्रास आणि मुंबईकडची माणसं दीर्घ शांततेने मऊ पडली आहेत, लढाऊ रक्त उत्तरेतच उरलं आहे, असं त्याचं ठाम मत होतं. शीख, पंजाबी मुसलमान, गुरखे, पठाण, डोगरे, जाट हे लढवय्ये. उरलेले शेतकरी आणि कारकून. गंमत अशी की ज्या मद्रासी पलटणींच्या जोरावर क्लाइव्हने अर्काट राखलं, त्याच आता नालायक ठरल्या. खरं कारण रशियाची भीती होती. पुढची लढाई अफगाणिस्तानच्या अंगाने होणार या हिशेबाने तिकडची माणसं हवी होती, आणि १८५७ मध्ये पंजाब इंग्रजांच्या मदतीला आला होता. सिद्धान्त मागाहून त्यावर चिकटवला गेला. मग पंजाबात कालव्यांच्या नव्या वसाहतींमध्ये निवृत्त सैनिकांना जमिनी मिळाल्या, फौजेतली नोकरी म्हणजे घराण्याची इस्टेट झाली. १९१४ पर्यंत हिंदी फौजेचा जवळपास निम्मा लढाऊ भाग एकट्या पंजाबातून येत होता. पाकिस्तानच्या पुढच्या इतिहासाची बरीचशी उत्तरं या एका वाक्यात सापडतात.

मराठ्यांना या यादीत कशीबशी जागा मिळाली. महारांना मिळाली नाही. १८९२-९३ च्या सुमारास जातवार पलटणी बांधायचं धोरण आलं आणि महारांची भरती बंद झाली. वरच्या जातीचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानणार नाहीत, हेही एक कारण पुढे केलं गेलं. तोवर मुंबईच्या फौजेत शंभरावर वर्षं हे हुकूम मानले जात होते, त्याची आठवण कुणी ठेवली नाही.

हा आदेश काय होता, ते एका घरात पाहिलं तर नीट कळतं. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत शिकवत. फौजेचा एक नियम होता: शिपायांच्या मुलामुलींना शिकवणं सक्तीचं. गावकुसाबाहेरच्या माणसाला लिहिता-वाचता येणं, दरमहा रोकड पगार मिळणं, म्हातारपणी पेन्शन मिळणं आणि अंगावरच्या गणवेशामुळे कुणी तोंडावर हिणवू न धजणं, या चारही गोष्टी तेव्हा एकाच दारातून मिळत होत्या. १४ एप्रिल १८९१ ला रामजींच्या घरी चौदावं अपत्य, म्हणजे पुढचे बाबासाहेब, जन्माला आलं आणि दोन-तीन वर्षांत ते दार बंद झालं. रामजी पेन्शन घेऊन दापोलीला आले, पुढे साताऱ्याला. दापोलीच्या आसपास असे पेन्शनर महार सुभेदार, हवालदार बरेच होते. त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर, १८८६ मध्ये निवृत्त झालेले. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ काढली आणि भरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारकडे अर्ज तयार केला. पुण्यातून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दलित चळवळीचे हे सुरुवातीचे कागद आहेत आणि त्यांत मागणी फौजेतल्या नोकरीची आहे. देवळात जाऊ द्या ही मागणी नंतरची.

पहिल्या महायुद्धाने सिद्धान्ताला पहिला तडा दिला. तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसं या युद्धात होती, सत्तर हजारांवर परतली नाहीत. मराठ्यांच्या वाट्याला मेसोपोटेमिया आला. टायग्रिसकाठच्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरच्या तुर्कांच्या कैदेत जे मेले त्यांची थडगी बहुतेक नाहीतच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने या युद्धात ४६ माणसं गमावली, तिथे त्यांची स्मृतिशिला आहे. गावाचं नाव लिहितानाच ‘अपशिंगे (मिलिटरी)’ असं लिहितात. एसटीची पाटीही तशीच. माणसं कमी पडायला लागल्यावर १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण सरकारी कारभारात इतकी चपखल क्वचित बसते.

दुसऱ्या महायुद्धात आकडे इतके फुगले की सिद्धान्त पाळणं परवडेना. १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली फौज १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली, आणि सक्तीच्या भरतीशिवाय. मद्रासी पुन्हा लढवय्ये ठरले, बिहारची रेजिमेंट निघाली, चांभारांची निघाली (ती १९४६ मध्ये मोडली). व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर डॉ. आंबेडकर होते, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. बाकीच्यांचं पुढे काय झालं ते सोडा, ही रेजिमेंट टिकली. तिची पुढची वाट इतरांहून वेगळी आहे: स्वातंत्र्यानंतर ती एका जातीची राहिली नाही, देशभरातून माणसं घेऊ लागली. श्रीलंकेत १९८७ मध्ये परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे, आणि कृष्ण राव व सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही.

त्याच युद्धात, १० जुलै १९४४ ला, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातला एक बावीस वर्षांचा नाईक आपली तुकडी घेऊन पुढे सरकत होता. समोरून मशीनगन सुरू झाली आणि तो सोडून तुकडीतला एकूण एक जण पडला. यशवंत घाडगे थांबला नाही. ग्रेनेड टाकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला टॉमी गनने मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने संपवलं. मग बाजूने झाडलेल्या गोळ्यांनी तोही तिथेच पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या मोन्तोने या गावात २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक झालं. ज्या साम्राज्यासाठी तो लढला ते साम्राज्य तीन वर्षांत इथून गेलं. तो कशासाठी लढला, हे ठरवायच्या फंदात मी पडणार नाही. आझाद हिंद फौजेत गेलेले आणि इंग्रजी फौजेत राहिलेले एकाच भरती केंद्रातून आले होते, आणि दोन्हीकडच्यांना आपल्या घरच्यांनी सारख्याच कौतुकाने आठवलेलं आहे.

शिपाई कोण हा प्रश्न असा सुटत-अडत असताना अधिकारी कोण हा प्रश्न १९१७ पर्यंत विचारायचीच सोय नव्हती. करिअप्पा इंदूरच्या कॅडेट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १९१९ मध्ये बाहेर पडले. डेहराडूनची अकादमी १९३२ मध्ये सुरू झाली, पहिल्या तुकडीत चाळीस जण. त्यांतले तिघे पुढे तीन देशांचे सरसेनापती झाले: सॅम माणेकशा भारताचे, मुहम्मद मुसा पाकिस्तानचे, स्मिथ डन ब्रह्मदेशाचे. अशी अकादमी व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत नागपूरचे डॉ. मुंजे होते, हिंदूंना सैनिकी शिक्षण द्यायचं म्हणून त्यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला शाळा काढली ती त्याच ध्यासातून.

फाळणीत फौजेचीही वाटणी झाली, साधारण दोनास एक. रणगाडे, ट्रक, मेसमधली चांदीची भांडी, सगळंच मोजून वाटलं. मिश्र पलटणींमधल्या शीख आणि मुसलमान कंपन्या अदलाबदल करून सीमेपार गेल्या. गुरख्यांच्या दहा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या, चार इंग्रजांनी नेल्या. आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मिरात लढाई पेटली तेव्हा दोन्ही बाजूंचे सरसेनापती इंग्रजच होते! नेहरूंनी मात्र एक गोष्ट लगोलग केली. दिल्लीतला सरसेनापतीचा बंगला, तीन मूर्ती भवन, त्यांनी पंतप्रधानांचं निवासस्थान केला. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच गेलं. प्रत्येक दलाला आपापला प्रमुख उरला. शेजारी देशांत सेनापती राष्ट्राध्यक्ष होत होते, तेव्हा इथे तसं झालं नाही. नेहरूंच्या इतर चुका मोजणाऱ्यांनी हे जमेच्या बाजूला धरायला हवं.

काश्मीरच्या त्या लढाईतला एक मुलखावेगळा प्रसंग सांगायलाच हवा. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले होते, बाजूच्या टेकड्यांवरून गोळीबार चालू होता. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, रणगाड्याच्या खाली शिरले. रणगाडा इंचाइंचाने पुढे सरकतोय, खाली राणे सरपटताहेत आणि दोरी ओढून चालकाला थांब, चल अशा खुणा करताहेत. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते हयातीत मिळालेले राणे पहिले. त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची, म्हणजे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या बाईंची. पदकावरची इंद्राची वज्रं त्यांना पुराणांच्या अभ्यासातून सुचली होती.

हैदराबाद १९४८, गोवा १९६१: या कारवाया आपल्याकडच्या वाचकाला नव्याने सांगायला नकोत. १९६२ चं चीनशी झालेलं युद्ध मात्र अजून दुखतं. नामका चू नदीकाठी सातवी ब्रिगेड उन्हाळी कपड्यांत आणि अपुऱ्या दारूगोळ्यावर बसवली होती. २० ऑक्टोबरला ती काही तासांत उद्ध्वस्त झाली आणि ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. परत आल्यावर त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. हेंडरसन ब्रूक्स चौकशीचा अहवाल मात्र सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षं उलटून गेलेल्या पराभवाचं एवढं भय कशाला, हे समजत नाही. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, या वाक्यावर महाराष्ट्र अजून खूश असतो. चव्हाणांचं खरं काम भाषणांत नव्हतं. सव्वाआठ लाखांची फौज, दहा पहाडी डिव्हिजन, पंचवार्षिक संरक्षण योजना असं ते रुक्ष, फायलींतलं काम होतं. १९६५ मध्ये ते उपयोगी पडलं. १९७१ मध्ये ढाक्याला सुमारे ९३ हजारांची शरणागती झाली, त्या विजयाच्या पायाचे काही दगड या फायलींतले आहेत.

आणि भरती? १९४९ मध्ये सरकारने जाहीर केलं होतं की सैन्यात जातिवार भरती राहणार नाही. ब्रिगेड ऑफ द गार्ड्ससारखी मिश्र रेजिमेंट उभी झाली, तोफखाना, सिग्नल्स सगळ्यांना खुले झाले. पायदळाच्या जुन्या रेजिमेंटांना हात लावायची हिंमत कुणी केली नाही. शीख, जाट, डोगरा, गढवाल, मराठा ही नावं राहिली आणि माणसंही बहुतांशी त्याच रांगेतली. याचा फायदा रेझांग लाला दिसतो, जिथे १८ नोव्हेंबर १९६२ ला मेजर शैतानसिंग यांच्या कुमाऊं कंपनीतले शंभरावर अहीर एकमेकांच्या साक्षीने मेले; गावचा शेजारी बघत असताना माणूस मागे सरत नाही. आणि तोटा जून १९८४ मध्ये दिसला. अमृतसरच्या कारवाईनंतर काही शीख पलटणींत बंड झालं आणि रामगढच्या केंद्रावर ब्रिगेडियर पुरी यांना आपल्याच जवानांनी मारलं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले. १० ऑगस्ट १९८६ ला त्यांची तिथे भररस्त्यात हत्या झाली. एकजिनसी पलटण हे बळ आणि जोखीम दोन्ही एकदम असते, हे इंग्रजांना १८५७ मध्ये कळलं होतं, आपल्याला १९८४ मध्ये पुन्हा कळलं.

बायकांचा प्रश्न आला तेव्हा जुनाच युक्तिवाद नव्या कपड्यांत आला. सर्वोच्च न्यायालयात सरकारतर्फे सांगितलं गेलं, की जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातले असल्याने महिला अधिकाऱ्याचा हुकूम घ्यायची त्यांच्या मनाची तयारी नाही. १८९२ चीच ही ओळ. फक्त महार सुभेदाराच्या जागी बाई. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला आणि कायम कमिशनचा मार्ग मोकळा केला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि दोनशे वर्षांतला भरतीचा सर्वांत मोठा बदल एका पत्रकार परिषदेत जाहीर झाला. साडेसतरा ते एकवीस वयाची मुलं, चार वर्षं नोकरी, शेवटी चारातला एक जण कायम. उरलेल्यांना सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये आणि निरोप. जातवार पलटणींच्या जागी हळूहळू सर्व प्रांतांतली, सर्व जातींची माणसं यावीत हाही हेतू सांगितला आहे. १९४९ ची घोषणा खरी करायची ही धडपड मला मनापासून पटते. मात्र तिच्या सोबत जे आलं ते पटत नाही. नेपाळने या अटी मान्य केल्या नाहीत, त्यामुळे तिथल्या गुरख्यांची भरती थांबलेली आहे. दोनशे वर्षांचा धागा कुठलाही निर्णय न होता नुसता लोंबकळतो आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटे हमरस्त्याने गेलं तर कडेने पळणारी पोरं दिसतात. भरतीच्या अकॅडम्या आता गावोगाव आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या, भिंतीला पुलअप्सचे बार, दारात खडूने आखलेला नऊ फुटांचा खड्डा. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण गुण, हे गणित सगळ्यांना पाठ. आता आधी संगणकावर लेखी परीक्षा द्यावी लागते, म्हणून दुपारी गणिताचा क्लास. कोविडच्या दोन वर्षांत भरतीच झाली नाही, तेव्हा वयात बसणारे कित्येक जण ती दोन वर्षं पळतच राहिले आणि मैदान लागलं तोवर वयाबाहेर गेले. योजनेच्या पहिल्या वर्षापुरती मर्यादा तेवीसपर्यंत वाढवली, त्यातही सगळे बसले नाहीत.

अग्निवीराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही. रामजी सकपाळांच्या पिढीने फौजेतून जे मिळवलं त्यातला पगार आणि गणवेश तेवढा शिल्लक आहे. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ संपता संपता पुरी होतील. अपशिंग्यासारख्या गावांत या हिशेबाची आधीच सवय लागली आहे: पूर्वी मुलगा मिलिटरीत आहे म्हटलं की सोयरीक अर्धी जमत असे, आता मुलीकडचे विचारतात, चारातला एक आहे का उरलेल्या तिघांतला.